साथ पुन्हा आली तर तालुक्याच्या कॉलेजने काय करावं: आधी आजारी पोराला घरी राहू द्या

मॅडम, तुमच्या कॉलेजात ९०० मुलं आहेत. पुन्हा एखादी मोठी साथ आली तर काय करायचं याचा आराखडा प्राचार्यांनी तुमच्याकडे सोपवलाय, आणि मास्क, सॅनिटायझर, अंतर एवढं लिहिल्यावर पुढे काय लिहावं हे सुचत नाही, असं तुम्ही म्हणता. मी अमरावती जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजात २६ वर्षं शिकवतोय. त्यातली ९ वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो आणि कोरोनाचा सगळा काळ त्यातच आला. म्हणून जरा लांबच लिहितो.

आराखड्याच्या पहिल्या ओळीत हे लिहा: आजारी मुलाला घरी राहणं परवडलं पाहिजे.

जानेवारी २०२१ चा शेवटचा आठवडा. अकरावी-बारावीचे वर्ग सुरू झाले होते. कागदावर हजेरी ऐच्छिक होती, पालकांची संमतीपत्रंही घेतली होती. पण प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर सही घ्यायला मुलांना यावंच लागायचं. एक मुलगा प्रयोगशाळेत टेबलावर डोकं टेकून बसलेला दिसला. हात लावला तर अंग भट्टीसारखं. मी विचारलं, आलास कशाला? म्हणाला, "सर, रातभर ताप व्हता. पर आज सही नाई झाली त मार्क जातीन म्हनून आलो." तो २२ किलोमीटरवरून आला होता, भरलेल्या काळीपिवळीत. त्या प्रयोगशाळेत तेव्हा १८ मुलं, दोन शिक्षक आणि आमचे प्रयोगशाळा परिचर होते.

पुढच्या महिन्यात अमरावती जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला टाळेबंदी लागली, उरलेल्या महाराष्ट्राच्या कितीतरी आधी. आमचे परिचर मार्चमध्ये गेले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांना आजार त्या मुलाकडून लागला असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तेव्हा घरोघरी ताप होता. पण त्या मुलाला त्या दिवशी प्रयोगशाळेत आणणारा नियम आमचा होता. तो बदलायला एका सहीचा कागद पुरला असता, आणि आम्ही तो काढला नाही. हे मला अजून सलतं.

म्हणून तुमच्या आराखड्यात स्पष्ट आदेश हवा. ताप-खोकल्यासाठी गैरहजर राहिलेल्या मुलाची हजेरी धरली जाईल. त्याचं प्रात्यक्षिक आणि अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाईल. डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं जाणार नाही. शेवटचा मुद्दा सोडू नका. प्रमाणपत्रासाठी मूल तालुक्याला येणार, दवाखान्यात दोन तास रांगेत बसणार आणि त्या कागदाचे पैसेही देणार. खोटं बोलून सुटी घेणारी चार पोरं निघतील. निघू द्या. त्याची किंमत एका तापलेल्या मुलाने वर्गात तीन तास बसण्यापेक्षा फार कमी आहे.

हेच शिक्षकांनाही लागू करा. आपल्याकडे अर्धं अध्यापन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर चालतं आणि तास घेतला तरच त्यांचे पैसे निघतात. चार पैशांसाठी दोन-तीन कॉलेजांत धावणारा हा माणूस तापात सुद्धा येणारच, आणि एका कॉलेजातला विषाणू दुसऱ्यात पोचवायला त्याच्याइतका सोयीचा रस्ता नाही. साथीच्या काळात आजारपणातले त्यांचे तास धरून मानधन देण्याचा ठराव संस्थेच्या सभेत आत्ताच करून घ्या. साथ आल्यावर कुणी ऐकत नाही.

आता दुसरी गोष्ट. आजारी माणूस घरी राहिला तरी काम संपत नाही, कारण कोरोनात लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकायचा. फाटकावर कपाळाला ताप मोजायची बंदूक लावून त्याला पकडता येत नाही. आपल्याकडे तर एप्रिलच्या उन्हात चालत आलेल्या मुलाचं कपाळ काहीही आकडा दाखवतं. मग जो आजारी दिसतच नाही त्याच्यापासून वाचायचं कसं? वर्गातल्या हवेकडे बघून.

आम्ही सुरुवातीला सगळा जीव पृष्ठभाग पुसण्यात घातला. बाकं, दारांच्या कड्या, वह्यासुद्धा. आमच्याकडे फाटकावर फवारणीचा बोगदा उभारला गेला. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी आमचा बोगदा त्यानंतर उभा राहिला. पुढे स्पष्ट झालं की हा आजार मुख्यतः श्वासावाटे हवेत जाणाऱ्या बारीक कणांतून पसरतो. हात धुणं चांगलंच, इतर दहा आजार त्याने टळतात. पण बोगद्याच्या पैशांत गंजून बसलेल्या सगळ्या खिडक्या दुरुस्त झाल्या असत्या.

तुमच्या कॉलेजात उद्या एक फेरी मारा आणि किती खिडक्या खरोखर उघडतात ते मोजा. आमच्याकडे ११ खोल्यांत मिळून निम्म्याच उघडत होत्या. काही ऑइलपेंटने चिकटल्या होत्या, काहींसमोर कपाटं होती, काही माकडांच्या त्रासाने खिळे ठोकून बंद केल्या होत्या. माकडांसाठी जाळी बसवा, पण खिडकी उघडी राहिली पाहिजे.

मग भौतिकशास्त्राच्या विभागाला हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्यायला लावा. काही हजारांत मिळतं. हिशेब सोपा आहे. उघड्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४०,००० असतो. खोलीतला आकडा जितका चढतो तितकी दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण पुन्हा ओढतोय. आमच्या संगणक कक्षात एसीसाठी सगळं बंद करून ३० मुलं बसवली, तर ४० मिनिटांत आकडा २,००० च्या वर गेला. म्हणजे दर पंचवीस श्वासांत एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला. दोन खिडक्या आणि समोरचं दार उघडलं, पाऊण तासात ८०० च्या खाली आलं. मुलांना हे आकडे फळ्यावर दाखवले, त्या दिवसापासून खिडक्या उघडा असं कुणाला सांगावं लागलं नाही.

कूलरचं वेगळं लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या सूचनांमध्ये कूलर नसतो. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून तो चांगलाच, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. खोलीच्या आत ठेवलेला कूलर मात्र तीच हवा फिरवत राहतो. तो बाहेर काढा. आणि हिवाळ्याचे दोन महिने, पहिल्या तासाला थंडी वाजते म्हणून मुलं सगळं लावून घेतात, तेव्हा वर्ग कडुनिंबाखाली भरवा. उन्हात बसायला सगळ्यांनाच आवडतं.

मास्क हवाच, पण साथ जवळ आलेली असताना आणि बंद जागेत. गाडीवर बांधायचा स्कार्फ किंवा खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला म्हणजे मास्क झाला असं नाही. गालाला घट्ट बसणारा एन-९५ वाचनालयातल्या माणसाला, शिपायाला आणि बसने येणाऱ्या मुलांना आधी द्या. स्नेहसंमेलन पुढे ढकला. कॅन्टीनचे बाक बाहेर काढा. याच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता वसतिगृह. मार्च २०२० मध्ये आम्ही काय केलं? एका दिवसात खोल्या रिकाम्या करा म्हटलं. मेळघाटातली, धारणी-चिखलदऱ्याकडची पोरं पेट्या-वळकट्या घेऊन कोंबलेल्या गाड्यांनी घरी गेली. तेव्हा आमच्याकडे आजार पोचला नव्हता म्हणून निभावलं. पण एकदा वसतिगृहात संसर्ग शिरल्यावर ते रिकामं करणं ही सगळ्यात मोठी चूक. एका इमारतीतला आजार आपण स्वतःच्या हाताने ४० गावांत वाटतो, आणि त्या गावांत उपकेंद्राशिवाय काही नसतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये चॅपल हिलचं उत्तर कॅरोलायना विद्यापीठ उघडलं आणि आठवड्याभरातच पदवीचे सगळे वर्ग पुन्हा ऑनलाइन न्यायचं ठरवावं लागलं. तेव्हा तिकडच्या साथरोग तज्ज्ञांनी हाच इशारा दिला होता, मुलांना घरी पाठवू नका, तिथेच वेगळं ठेवा. त्याच महिन्यात अॅरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाचं सांडपाणी तपासलं. त्यात विषाणू सापडला म्हणून ३११ जणांची चाचणी केली, आणि कसलंही लक्षण नसलेले दोघे मिळाले. दोघांना वेगळं ठेवलं. आपल्या सेप्टिक टँकवर हे जमणार नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे: दोघे सापडले तर दोघांनाच वेगळं ठेवायचं. तुमच्या वसतिगृहात स्वतंत्र संडास असलेल्या दोन-तीन खोल्या आत्ताच त्यासाठी ठरवून ठेवा. मेसचा डबा दाराशी कोण नेणार, रात्री अंगात ताप चढला तर गाडी कुणाची, हे नाव-नंबरासकट भिंतीवर लिहा.

आता ज्या कामावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याबद्दल. तालुक्याचं कॉलेज म्हणजे रोज सकाळी ४० गावं एका आवारात येतात आणि संध्याकाळी पुन्हा ४० गावांत जातात. मुलींसाठीच्या मोफत 'मानव विकास' बसने येणाऱ्या अकरावीच्या मुलीपासून पोलीस भरतीसाठी अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापर्यंत. याची भीती वाटते, खरं आहे. पण तालुक्यात कुठे ताप वाढतोय हे इतक्या लवकर दुसऱ्या कुणाला कळूच शकत नाही. आपण हजेरी वर्गनिहाय घेतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. तीच गैरहजेरी गावनिहाय मांडा. बीए भाग एकमध्ये एक, बीएस्सीत दोन, अकरावीत दोन गैरहजर, यात कुणाला काही वाटणार नाही. पाचही एकाच गावचे निघाले की वाटेल.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आम्ही ही वही सुरू केली. दुसऱ्याच आठवड्यात एका गावची सात नावं एका ओळीत दिसली. त्या गावच्या आशाताईंना फोन केला, तर त्यांना तीनच घरं माहीत होती. तिथून पुढे रोज साडेअकराला गोषवारा आणि शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, एवढीच पद्धत ठेवली. डेंग्यूलाही उपयोगी पडते. साध्या वर्षात सवय झाली नाही तर साथीच्या वर्षात वही कुणी उघडणार नाही.

नावं मात्र वहीबाहेर जाऊ देऊ नका. २०२० मध्ये ज्या घरी रुग्ण निघाला त्याच्या दाराला बांबू आणि पत्रे लागले, त्यांचं दूध घेणं लोकांनी बंद केलं. त्यानंतर गावांनी ताप लपवायला सुरुवात केली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नाव पडलं की तुमची वही त्या दिवशी संपली असं समजा.

आणि मुलांना काम द्या. सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आमची स्वयंसेवक मुलं आशाताईंसोबत घरोघर गेली. बोटाला ऑक्सिमीटर कसा लावायचा, नखाला रंग किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्यायचं, आकडा ठीक असला तर ६ मिनिटं चालवून पुन्हा बघायचं, ९४ च्या खाली गेला तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे त्यांनी म्हाताऱ्यांना शिकवलं. एका मुलीने स्वतःच्या आजोबांचा आकडा ८८ बघून त्यांना त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात हलवलं. ते आजही ढोरांमागे जातात. लसीच्या वेळी मेळघाटात आमच्या मराठीतल्या पत्रकांचा काही उपयोग झाला नाही. आमच्याच दोन विद्यार्थ्यांनी तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत बोलून मोबाइलवर पाठवलं, आपल्या आईने लस घेतल्याचंही सांगितलं, तेव्हा लोक बाहेर आले. तुमच्या मुलांमध्ये कोरकू, गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणारं कोण आहे याची यादी आज करून ठेवा.

कॉलेज पूर्ण बंद करणं हा शेवटचा उपाय ठेवा. गरज पडली तर करावंच लागेल, पण फुकट होत नाही हे आराखड्यात लिहा. रेंजसाठी टेकडीवर चढणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि माझ्या वर्गातल्या चार मुली २०२१ मध्ये परतच आल्या नाहीत, चौघींचीही लग्नं झाली होती. त्यातली एक पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात सगळ्यांत पुढे होती. बंद ठेवायचंच असेल तर आठ-दहा दिवसांचे टप्पे ठेवा, आणि प्रत्येक शिक्षकाला २० मुलं वाटून द्या, आठवड्यातून एक फोन. मुलींच्या घरी आधी.

गावनिहाय वहीचे रकाने सांगतो, उद्याच आखून घ्या: तारीख, गाव, मुलाचं नाव, वर्ग, काय होतंय, कधीपासून, घरात आणखी कुणाला, गावच्या आशाताईंचा नंबर. शेवटचा रकाना आम्ही नंतर वाढवला, तो तुम्ही पहिल्यापासून ठेवा: घरात म्हातारं माणूस कोण आहे, आणि त्याला वेगळं झोपायला जागा आहे का.