मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची पिशवी फाटली, ही डॉक्टरांची चूक असते का? आणि पुढे काय?

तुमचा प्रश्न असा आहे : वडिलांचं फेको ऑपरेशन (अल्ट्रासाऊंडच्या सुईने मोतीबिंदू फोडून काढण्याचं) झालं, त्यात 'मागची पिशवी फाटली' असं सांगितलं, लेन्स 'पिशवीच्या पुढे' बसवली. हा निष्काळजीपणा म्हणायचा का, आणि नजर कितपत येईल?

नुसती पिशवी फाटली एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. नजर बहुतेक वेळा चांगली येते, पण ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : पिशवी फाटल्यावर टेबलावर पुढची काही मिनिटं काय केलं, आणि नंतरचे दोन-तीन महिने डोळ्यावर कसं लक्ष ठेवलं.

आपलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये या पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण ५ ते ५.५ मिमी व्यासाची गोल खिडकी करतात, आतलं गढूळ भिंग फोडून शोषून घेतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवतात. पिशवीची पुढची बाजू सुमारे १४ मायक्रॉन जाड असते, मागची बाजू मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन. तिच्या लगेच मागे व्हिट्रियस, म्हणजे डोळ्याच्या पोकळीत भरलेला जेलीसारखा पदार्थ असतो. तो रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, कडेच्या भागाला घट्ट चिकटलेला असतो. पिशवी शाबूत आहे तोवर तो मागे राहतो, फाटली की पुढे येऊ शकतो. पुढे आलेला व्हिट्रियस कोणी ओढला, तर ती ओढ थेट रेटिनावर बसते. खरा धोका त्या ओढीचा आहे, पिशवीतल्या भोकाचा तेवढा नाही.

फाटते कधी? बऱ्याचदा भिंगाचा शेवटचा तुकडा काढताना. फेकोच्या सुईचं तोंड तुकड्याने बंद होतं तेव्हा नळीत निर्वात दाब साठत जातो. तुकडा अचानक आत ओढला गेला की साठलेला दाब एकदम मोकळा होतो, आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारं पाणी क्षणभर जास्त होतं, आणि मागची पिशवी उसळून सुईपर्यंत येते. आधीचे तुकडे असताना त्यांचाच आडोसा असतो, शेवटच्या तुकड्याला तो उरत नाही. म्हणून अनुभवी सर्जन शेवटी व्हॅक्यूम कमी करतात, तुकड्याखाली व्हिस्कोइलॅस्टिक (जागा धरून ठेवणारं चिकट) जेल सोडतात, किंवा दुसरं बोथट हत्यार मध्ये आडवं धरतात. दुसरा धोक्याचा क्षण म्हणजे मऊ कॉर्टेक्स (भिंगाचा बाहेरचा थर) साफ करताना पिशवीच शोषनळीच्या तोंडात अडकणं. तेव्हा त्या बिंदूपासून चांदणीसारख्या बारीक सुरकुत्या पसरताना दिसतात. त्या दिसल्या की हात जागेवर थांबवून पाणी उलटं सोडायचं आणि पिशवी मोकळी करायची. त्या क्षणी हत्यार मागे ओढलं तर पिशवी फाटलीच म्हणून समजा. तिसरा प्रकार पुढच्या खिडकीचा : तिच्या काठाला चीर गेली तर ती कडेने वळसा घेऊन मागच्या बाजूपर्यंत पोचू शकते.

काही मोतीबिंदूंमध्ये पिशवी मुळातच कमकुवत असते. पोस्टेरियर पोलर नावाच्या जन्मजात प्रकारात मागच्या पिशवीच्या मध्यावर पांढरा टिळा असतो, आणि तिथे पिशवी अतिशय पातळ असते किंवा भिंगाला चिकटलेली असते. १९९० मध्ये ऑशर आणि सहकाऱ्यांनी अशा डोळ्यांत पिशवी फाटण्याचं प्रमाण २६ टक्के, तर १९९९ मध्ये वासवडा आणि सिंग यांनी ३६ टक्के नोंदवलं. हे तज्ज्ञ हातांचे आकडे आहेत, हे ध्यानात घ्या. त्यातूनच पुढे तंत्र बदललं : नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पिशवी आणि भिंग यांच्यामध्ये पाण्याची धार सोडून भिंग सुटं करतात, या प्रकारात ते टाळायचं आणि धार भिंगाच्या आतल्या थरांतच सोडायची. या बदलानंतर असे आकडे बरेच खाली आले.

आता 'चूक कोणाची' या प्रश्नाकडे. ब्रिटनमध्ये ५५,५६७ ऑपरेशन्सच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिशवी फाटणं, व्हिट्रियस पुढे येणं, किंवा दोन्ही मिळून प्रमाण १.९२ टक्के होतं. म्हणजे सगळे सर्जन, सगळे डोळे धरले तर साधारण पन्नासात एक. त्या अभ्यासाचा जास्त उपयोगी भाग पुढे आहे. जोखीम वाढवणारी कारणं त्यांनी वेगवेगळी मोजली : वाढतं वय, पुरुष असणं, काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेली रेटिना, पूर्ण पांढरा किंवा गडद तपकिरी मोतीबिंदू, रेटिना दिसतच नसणं, स्यूडोएक्सफोलिएशन (भिंगावर भुकटीसारखा थर साचण्याचा विकार) किंवा हलणारं भिंग, लहान बाहुली, २६ मिमी किंवा त्याहून लांब डोळा, डॉक्साझोसिन हे रक्तदाब-प्रोस्टेटचं औषध चालू असणं, पाठीवर सपाट झोपता न येणं, आणि शिकाऊ सर्जन. यातली बरीच कारणं एकाच माणसात एकत्र येतात, आणि ती जोडून पाहिली तर एका डोळ्याची जोखीम ०.७५ टक्क्यांहून कमी, तर दुसऱ्याची ७५ टक्क्यांहून जास्त निघते. तेव्हा एका सर्जनचा सरसकट आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही. अवघड डोळे ज्याच्याकडे पाठवले जातात त्याचा आकडा जास्तच असणार. माझ्या मते निष्काळजीपणाचा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो दोन ठिकाणी विचारावा : जोखीम आधी ओळखून सांगितली होती का, आणि फाटल्यावर हाताळणी नीट झाली का.

हाताळणीचा पहिला नियम अगदी साधा आहे, पण घाबरल्यावर तोच मोडतो : फेकोची सुई झटकन बाहेर काढायची नाही. बाहेर काढली की डोळ्याचा पुढचा कप्पा बसतो, व्हिट्रियस पुढे उसळतो आणि लहान फट मोठी होते. पाणी चालू ठेवून दुसऱ्या छोट्या छेदातून चिकट व्हिस्कोइलॅस्टिक भरायचं, फट त्याने दाबून धरायची, मगच सुई बाहेर. व्हिट्रियस पारदर्शक असल्याने दिसत नाही. म्हणून प्रिझर्वेटिव्ह नसलेलं, पातळ केलेलं ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड सोडतात. त्याचे पांढरे कण जेलीला चिकटतात आणि तिचे धागे उघडे पडतात. मग व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रियस कापून काढण्याच्या) कटरने ते कापून काढायचे. कटर एका छेदातून, पाणी दुसऱ्या छेदातून : दोन्ही एकाच नळीतून दिलं तर पाण्याचा जोर आणखी जेली पुढे ढकलतो. कापण्याचा वेग जास्तीत जास्त, शोषण कमी. कापसाच्या किंवा स्पंजच्या बोळ्याने जेली उचलून कात्रीने कापायची जुनी पद्धत आता नको, कारण उचलतानाच रेटिनावर ओढ बसते.

भिंगाचा तुकडा मागे व्हिट्रियसमध्ये पडला तर फेकोची सुई घेऊन त्याच्या मागे जाणं हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. तिथे थांबायचं, पुढचा भाग स्वच्छ करायचा, जखमेला १०-० नायलॉनचा टाका घालायचा आणि रेटिनाच्या सर्जनकडे पाठवायचं. ते मागच्या बाजूने व्हिट्रेक्टॉमी करून तुकडा काढतात, बहुधा एक-दोन आठवड्यांच्या आत. मऊ कॉर्टेक्सचा किरकोळ कण असेल तर तो कधी कधी औषधांवर आपोआप विरघळतो. न्यूक्लियसचा (भिंगाच्या गाभ्याचा) कडक तुकडा मात्र सूज आणि डोळ्याचा दाब वाढवत राहतो.

लेन्स कुठे बसवली यावर पुढचं बरंच काही ठरतं. मागची पिशवी फाटली पण पुढच्या खिडकीचा काठ शाबूत आहे, तर लेन्स पिशवीच्या पुढे, बुबुळाच्या मागच्या खोबणीत ठेवता येते. तुमच्या वर्णनावरून वडिलांच्या बाबतीत बहुधा हेच झालंय. तिथे तीन भागांची (मधलं भिंग आणि त्याला वेगळे जोडलेले दोन बारीक हात अशी) लेन्सच हवी. नेहमीची एकसंध अॅक्रिलिक लेन्स तिथे ठेवली तर तिचे जाड हात बुबुळाला घासतात, रंगद्रव्याचे कण सुटतात, वारंवार सूज, रक्तस्राव आणि दाब वाढणं मागे लागतं. लेन्स थोडी पुढे आल्याने तिची पॉवरही साधारण ०.५ ते १ डायऑप्टरने कमी घ्यावी लागते. ती कमी केली नाही, तर ऑपरेशननंतर दूरचं पाहायला मायनस नंबर निघतो. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, चष्म्याने सुटतं. काठच उरला नसेल तर लेन्स बुबुळाला अडकवणं, स्क्लेरात (डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत) बसवणं, किंवा काही आठवडे थांबून नंतर बसवणं असे मार्ग असतात. काही आठवडे डोळा लेन्सशिवाय ठेवला म्हणून घाबरू नका, सुजलेल्या डोळ्यात घाईने लेन्स कोंबण्यापेक्षा ते बरं.

म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा : व्हिट्रियस पुढे आला होता का आणि व्हिट्रेक्टॉमी केली का, भिंगाचा तुकडा मागे राहिला का, आणि लेन्स कोणत्या प्रकारची, कोणत्या पॉवरची, कुठे ठेवली. लेन्सच्या पाकिटावरचं स्टिकर कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर मॉडेल आणि पॉवर असते. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे लागतं.

आता लक्ष कशावर ठेवायचं. ब्रिटनच्याच नंतरच्या मोठ्या नोंदींत, पिशवी फाटलेल्या डोळ्यांना पहिल्या तीन महिन्यांत रेटिना सुटल्याचं ऑपरेशन लागण्याची शक्यता ४२ पट आणि जंतुसंसर्गाची ८ पट आढळली. आकडे ऐकून धडकी भरते, पण मूळ शक्यता फारच लहान असते. बेचाळीस पटीनेही ती काही टक्क्यांतच राहते, म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. फक्त लक्षणं दिसल्यावर सवड काढून जायचं नसतं, त्याच दिवशी जायचं असतं. विजेसारख्या लखलखणाऱ्या रेषा, अचानक वाढलेले काळे ठिपके, नजरेच्या एका कडेने सरकत येणारी सावली, ही रेटिनाची लक्षणं.

जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो, पण सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. लाली, सूज, नजर उतरणं. वेदनेवर मात्र भरवसा ठेवू नका. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२० रुग्णांच्या एंडोफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) व्हिट्रेक्टॉमी स्टडीत सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना दुखतच नव्हतं, नजर मात्र ९४ टक्क्यांची धूसर झाली होती. एक-दोन दिवस सुधारत असलेली नजर उलट खाली आली, तर दुखत नसलं तरी थांबू नका. उपचार म्हणजे डोळ्याच्या आतून नमुना घेऊन तिथेच अँटिबायोटिक टोचणं, सहसा व्हॅन्कोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ, प्रत्येकी ०.१ मिलीत. नुसत्या थेंबांनी हे भागत नाही. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की नजर फक्त उजेड ओळखण्याइतकी उरली असेल तर लगेच व्हिट्रेक्टॉमीचा स्पष्ट फायदा होतो.

टाळण्याच्या उपायांत दोन पक्के आहेत : ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक. २००७ मध्ये जाहीर झालेल्या युरोपीय चाचणीत डोळ्यात सोडलेल्या १ मिग्रॅ सेफ्युरोक्झिमने संसर्ग सुमारे पाचपट घटला.

तिसरी गोष्ट रेटिनाच्या मध्यभागी येणारी सूज. ती लगेच दिसत नाही. चार ते सहा आठवड्यांनी, नजर चांगली आल्यावर पुन्हा अंधूक होते, सरळ रेषा वाकड्या दिसतात. ओसीटी स्कॅनवर (रेटिनाच्या थरांचा प्रकाशाने काढलेला फोटो) पाण्याचे बारीक कप्पे दिसतात. बहुतेकांची स्टेरॉइड आणि एनएसएआयडी (स्टेरॉइड नसलेली सूज कमी करणारी) थेंबांवर उतरते, काहींना इंजेक्शन लागतं. पिशवी फाटलेल्या डोळ्यांत हे थेंब सहसा नेहमीपेक्षा जास्त दिवस देतात, तेव्हा डोळा पांढरा दिसला म्हणून मनानेच बंद करू नका. स्टेरॉइड चालू असताना दाब मात्र तपासून घ्या.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं असेल तर पहिल्याची नोंद सर्जनच्या हातात द्या. पिशवी का फाटली याचं कारण बहुधा दुसऱ्या डोळ्यातही तेच असतं : तीच लांबी, तोच पोलर मोतीबिंदू, तशीच लहान बाहुली. आणि वडील प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असतील, किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर ते आवर्जून सांगा. त्या औषधाने बुबुळ ढिलं पडून ऑपरेशनमध्ये लाटेसारखं हलतं आणि बाहुली आक्रसत जाते. चँग आणि कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा मांडला. ऑपरेशनआधी काही दिवस गोळी बंद केल्याने तो टळेल याची खात्री नसते, म्हणून स्वतःहून बंद करण्यात अर्थ नाही. सर्जनला आधी माहीत असेल तर तो डोळ्यात फेनिलेफ्रिन सोडतो किंवा बाहुली उघडी धरणारी कडी वापरतो.