बाबांचा आवाज आठवत नाही म्हणतेस

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातल्या एका वाक्याने मला दोन दिवस धरून ठेवलं. ‘तीनच महिने झालेत आणि मला बाबांचा आवाज नीट आठवत नाही, मी त्यांना विसरत चाललेय का?’ रजा संपत आली, कामात लक्ष लागत नाही, आईजवळ थांबू की परत येऊ, या बाकीच्या गोष्टींकडे नंतर वळते. आधी आवाज.

फोन काढ. तुमच्या दोघांच्या चॅटमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज असतीलच. ‘पोचलीस का’, ‘फोन का उचलत नाहीस’, असलेच काहीतरी. ते सगळे आज बाहेर काढ, प्रत्येक फाइलला तारखेचं नाव दे आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. त्यातली एक जागा तुझ्या फोनबाहेरची हवी. हे मी एवढ्या हुकमाने सांगतेय, कारण माझ्याकडे माझ्या वडिलांचे असे अकरा मेसेज होते. वडील गेल्यावर सात महिन्यांनी मी फोन बदलला. चॅट नव्या फोनवर आलं, अक्षरं सगळी आली, आवाज आले नाहीत. जुना फोन तोवर देऊन टाकलेला. त्यातला एक मेसेज जेमतेम चार सेकंदांचा होता. ते खोकतात, थांबतात आणि म्हणतात, “काही नाही, चुकून दाबलं गेलं.” बाकीचे दहा एक वेळ गेले तर गेले. तो मला हवा होता.

आता तुझा प्रश्न. नाही, तू विसरत चाललेली नाहीस. आवाज मनात मुद्दाम आणून ऐकणं आणि कानावर पडल्यावर ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जवळजवळ सगळ्यांना अवघड जातं. जिवंत माणसाचा आवाजही डोळे मिटून तसाच्या तसा उभा करता येतो का बघ. माझा प्रयत्न कर, जमणार नाही. आणि तरी उद्या फोनवर मी नुसतं “हं” म्हटलं तरी तू ओळखशील. बाबांचा आवाज तसाच आत आहे. बोलावल्यावर येत नाही, एवढंच.

चेहऱ्याचंही तू लिहिलंयस. डोळे मिटले की हॉस्पिटलातलेच बाबा दिसतात, नळ्या लावलेले, गाल बसलेले, आधीचे दिसतच नाहीत. शेवटचे दिवस मनावर फार जोरात उमटतात आणि काही काळ बाकी सगळ्यापुढे उभे राहतात. ते हळूहळू बाजूला होतात. माझ्या बाबतीत जवळजवळ वर्ष गेलं, आणि मग एका सकाळी वडील मला पाठमोरे आठवले, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, काहीतरी खोलून बसलेले. तोपर्यंत जुने फोटो बघत राहा. फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने साल आणि नावं लिही. फोटोतली कडेची माणसं कोण, हे सांगणारी माणसंही कमी होत जातात.

आठवणी लिहून ठेव, आणि लवकर लिही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवून दिलं होतं की आपण आठवण कपाटातून घडीची वस्तू काढावी तशी काढत नाही, दर वेळी ती नव्याने जुळवतो. जुळवताना काही गळतं, काही आपल्या सोयीचं चिकटतं. दहा वेळा सांगून झालेला किस्सा गुळगुळीत होतो, आणि मग तो बाबांचा न राहता तुझा होतो. म्हणून आधी कागदावर, मग लोकांना.

लिहिताना मात्र विशेषणांपासून लांब राहा. ‘ते फार प्रेमळ आणि कष्टाळू होते’ हे वाक्य कुणाच्याही वडिलांना लागू पडतं. हात काय करत होते ते लिही. माझ्या वडिलांच्या अवजारांच्या फळीखाली काचेच्या बाटल्या लटकलेल्या असायच्या. बाटल्यांची झाकणं त्यांनी फळीला खालून खिळ्यांनी ठोकली होती. बाटली फिरवली की हातात यायची, उलटी फिरवली की परत लटकायची. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिरक्या अक्षरात लेबल. ‘लाकडाचे, मोठे’. ‘लाकडाचे, लहान’. ‘वॉशर’. एका बाटलीत नुसत्या चाव्या होत्या आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘कशाच्या ते आठवत नाही’. कुलूप कुठे आहे याचा पत्ता नाही आणि चावी टाकवत नाही! त्यांच्या स्वभावावर मी चार पानं लिहिली असती तरी या लेबलाएवढं सांगता आलं नसतं.

आता जरा कडू. तू त्यांचा देव करायला लागली आहेस. मेलभर त्यांचा एकही दोष नाही. ते रागावत नव्हते? अबोला धरत नव्हते? तुझ्या नोकरी बदलण्यावरून त्यांनी तुला महिनाभर छळलं होतं, तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन तू रडली होतीस, ते मला लख्ख आठवतंय. तेही लिही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते चारचौघांत ठीक. वहीत तो नियम पाळलास तर फोटोला हार घातल्यासारखा एक गृहस्थ उरेल आणि तुझे वडील निसटतील. शिवाय ज्याचा राग दाबून ठेवलाय त्याची आठवण काढताना आपण कायम अंग चोरून बसतो. मी तशी बरीच वर्षं बसले होते.

माझं हे बसणं मोडलं ते दादाने. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी आमचं कडाक्याचं भांडण झालं, वरवर अवजारांच्या डब्यावरून. मी म्हणाले, “मला त्यांनी कधी आवाज चढवून काही म्हटलं नाही.” तो हसला आणि म्हणाला, “तुला म्हटलं नाही, कारण तोपर्यंत माझ्यावर ओरडून ते दमले होते.” मग तो जे बोलत गेला ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या जन्माआधी काम सुटलं होतं, कर्ज होतं, रात्री ते अंधारात खुर्चीवर बसून राहायचे. दादाला जे वडील मिळाले ते तिशीतले, घाबरलेले. मला मिळाले ते चाळिशीत सावरलेले. एका छपराखाली वाढून आम्हा दोघांचे वडील निराळे होते, आणि मी माझ्याकडच्या अर्ध्या माणसालाच पुरा समजत होते.

म्हणून कुटुंब धर, असं मी म्हणते तेव्हा एकमेकांना आधार वगैरे जे सगळे म्हणतात, ते तर आहेच, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तुझ्या बाबांचे तुकडे वेगवेगळ्या लोकांकडे आहेत. लग्नाआधीचे आईकडे. शाळा बुडवणारे आत्याकडे. तुझ्या धाकट्या भावाकडे कुठले असतील ते तुला माहीतसुद्धा नाही, कारण तू घराबाहेर पडलीस तेव्हा तो शाळेत होता आणि त्यानंतरची वर्षं त्याने एकट्याने त्यांच्याबरोबर काढली. त्याच्याशी तू बाबांबद्दल बोलत नाहीस, असं तूच लिहिलंयस. ‘त्याला त्रास होईल’ म्हणून. त्यालाही तुझ्याबद्दल बहुतेक हेच वाटत असणार.

बसव त्याला एकदा. ‘कसा आहेस’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ‘ठीक’ असतं. एखादी वस्तू पुढे ठेव, घड्याळ, चष्मा, त्यांचं पाकीट, आणि विचार, “हे त्यांनी कधी घेतलं रे?” वस्तूवरून माणूस बोलायला लागतो. वयस्कर नातेवाइकांकडे जाशील तेव्हा परवानगी घेऊन फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव, आणि मध्ये दुरुस्त्या करू नकोस. साल चुकलं तर चुकू दे.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 20 प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, असले प्रश्न. घराबद्दल जास्त माहीत असलेल्या मुलांमध्ये आत्मविश्वास आणि आयुष्य आपल्या हातात असल्याची भावना जास्त दिसली. नुसती उत्तरं पाठ करून हे होत नाही, असं त्या दोघांनीच म्हटलंय. ज्या घरात गप्पांमधून ही उत्तरं झिरपतात, ते घर त्यामागे असतं. तू त्या यादीतल्या मुलांपेक्षा मोठी आहेस, पण तुझ्या भावाला पुढे मुलं होतील, तुलाही होतील कदाचित. त्यांना आजोबा कुणाकडून मिळणार?

आईचं वेगळं लिहिते, कारण तिथे नुसता भावनेचा प्रश्न नाही. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्या माणसाच्या प्रकृतीला, अगदी जिवालाही, धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आई ‘मी बरी आहे’ म्हणेल. तू तिचा रक्तदाब, साखर, झोप बघ, औषधं वेळेवर घेते का बघ. कागदपत्रं तिच्या शेजारी बसून लाव, तिच्या डोक्यावरून नको. इतकी वर्षं बँकेचं सगळं बाबा बघत असतील तर तिला आता ते यायला हवं. तू सगळं करून दिलंस तर ती दुसऱ्यांदा परावलंबी होईल.

तुला कुणीतरी ‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ (नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) पाठवल्या आणि तू कुठल्या पायरीवर आहेस ते शोधतेयस. सोडून दे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं: माणूस दुःखात जातो, बाहेर येऊन कामाला लागतो, पुन्हा आत जातो, आणि हे हेलकावे म्हणजेच निरोगीपणा. तेव्हा मीटिंगमध्ये हसलीस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस आणि लिफ्टमध्ये रडलीस म्हणूनही नको. वर्ष उलटून गेल्यावरही रोजचं जगणं अडून बसलं असेल तर मात्र डॉक्टरकडे जायचं. त्याआधीही, जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी, आणि मला फोन करून.

‘यातून बाहेर कधी येणार’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचं सांगते. 1917 साली एका निबंधात त्याने लिहिलं की शोक म्हणजे गेलेल्यात गुंतलेलं मन एकेक आठवणीतून सोडवून घेणं, आणि ते संपलं की मन मोकळं होतं. 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. 1929 च्या एप्रिलमध्ये त्याने मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं. त्या दिवशी सोफी 36 वर्षांची झाली असती, हे तो सांगतो. दुःखाची धार बोथट होते पण ती जागा भरत नाही, आणि तसंच असायला हवं, असा त्या पत्राचा आशय आहे. निबंध लिहिणारा माणूस वेगळा आणि नऊ वर्षांनी मुलीचं वय मोजणारा बाप वेगळा. मी या बापावर विश्वास ठेवते.

कामाचं. परत ये, पण सुरुवातीचा महिना अर्धा वेळ. मी तुझ्या साहेबांशी बोलायला तयार आहे, तू हो म्हणालीस तरच.

आमच्या भांडणाचं काय झालं ते राहिलंच. अवजारांचा डबा दादाने नेला, बाटल्या मी आणल्या. त्यामुळे आता त्याला स्क्रू लागला की तो मला फोन करतो आणि मला पान्हा लागला की मी त्याला. चाव्यांची बाटली कुणाकडे, यावर अजून एकमत नाही. सध्या ती माझ्या खिडकीत आहे.

आईला माझा नमस्कार सांग. आणि त्या फायली आज रात्रीच कॉपी कर, उद्यावर टाकू नकोस.