गेट, दोस्तात आणि लागणे

चाकणच्या मोटार कारखान्यातून दोन वर्षांसाठी चेकियातल्या म्लादा बोलेस्लावला गेलेल्या एका वाचकांची शंका आहे. ते लिहितात : ‘माझा चेक सहकारी इंग्रजी शिकतोय. बाकी गाडी बरी चालते, पण ‘गेट’ या एका क्रियापदाने त्याला जेरीस आणलंय. शब्दकोशातले सगळे अर्थ त्याने वहीत उतरवले, पाठही केले, तरी बोलताना ऐन वेळी शब्द तोंडातून फुटत नाही. मी समजावायला गेलो तर माझीच भंबेरी उडाली. त्याला काय सांगू? आणि आपल्याला शाळेत हा शब्द एवढा नडला नव्हता, तो का?’

(गेट म्हणजे फाटक नव्हे, मिळणे-होणेवालं गेट. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आधीच सांगितलं. आणि पुढे चेक शब्दांत जिथे झ आहे तिथे तो बहुतेक वेळा ‘झेब्रा’तला समजा.)

अशी एक वही मी जवळून पाहिली आहे. चेकियातल्याच ब्र्नो शहरात मी दीड वर्ष राहिले तेव्हा माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. शाळेत रशियन सक्तीचं होतं त्या पिढीतल्या. इंग्रजी त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतलं, कारण नातवंडं परदेशात वाढत होती आणि आजीशी चेकमध्ये बोलायला कुरकुरत होती. चौकटीच्या कागदाची वही, पेन्सिलीने आखलेले दोन रकाने. डावीकडे एकदाच लिहिलेलं ‘गेट’, उजवीकडे एकाखाली एक बावीस चेक क्रियापदं, क्रमांक घालून. एका संध्याकाळी मी छत्री विसरून चिंब होऊन दारात उभी राहिले. बाई पटकन म्हणाल्या, ‘झ्मोक्ला स्ते!’ म्हणजे ‘भिजलात की!’ मग आठवण झाल्यासारखं इंग्रजीत म्हणायला गेल्या. डोळे मिटले, ओठ हलले, बहुतेक यादी मनात खालीवर झाली, आणि बाहेर पडलं : ‘यू बिकेम वेट.’

व्याकरणाने यात काही चूक नाही. पण पावसात भिजून आलेल्या माणसाला कोणी असं म्हणत नाही. ‘यू गॉट वेट’ म्हणतात. गंमत अशी, की बाईंच्या यादीत ‘भिजणे’ हा अर्थ नव्हताच. बावीसमध्ये नव्हता, बावीसशेमध्येही नसता.

माझं मत तिथेच पक्कं झालं. ‘गेट’ला बावीस अर्थ नाहीत. त्याच्याकडे काम एकच आहे : आधी नव्हतं ते आता झालं, एवढं सांगायचं. काय झालं ते सांगायची जबाबदारी तो पुढच्या शब्दावर ढकलून मोकळा होतो. पुढे वस्तू आली की ती मिळाली. विशेषण आलं की तसा झाला. दिशा किंवा ठिकाण आलं की तिकडे गेला, पोचला. म्हणून तुमच्या सहकाऱ्याला सांगा, गेटकडे बघूच नकोस, त्याच्या पुढच्या शब्दाकडे बघ.

पण एवढ्याने चेक माणसाचं समाधान होणार नाही, कारण त्याची भाषा हेच काम उलट्या टोकाकडून करते. इंग्रजी बदल ‘गेट’च्या पुढच्या शब्दाने सांगते, चेक तो क्रियापदाच्या डोक्यावर उपसर्ग म्हणून ठेवते. ‘स्तारी’ म्हणजे म्हातारा. त्यावरून ‘स्तार्नु’, मी म्हातारा होत चाललोय. आणि एकदाचा झालो, की ‘झेस्तार्ल सेम’. तो सुरुवातीचा ‘झे’ म्हणजे काम पुरं झाल्याचा शिक्का. ‘हुब्नु’ म्हणजे मी बारीक होतोय, ‘झ्हुब्ल सेम’ म्हणजे झालो. संध्याकाळी ‘स्त्मीवा से’ म्हणजे अंधारतंय, ‘सेत्म्न्येलो से’ म्हणजे अंधारलं.

आता हे इंग्रजीशेजारी ठेवून बघा. ‘आय ॲम गेटिंग ओल्ड’ म्हणजे उपसर्गाशिवायचं स्तार्नु. ‘आय गॉट ओल्ड’ म्हणजे उपसर्गाचं झेस्तार्ल सेम. चेक माणूस ही दोन रूपं झोपेतसुद्धा चुकवत नाही. मग त्याला सांगायचं एवढंच, की तुझं बिनउपसर्गाचं क्रियापद तोंडात आलं तर ‘गेटिंग’ अधिक विशेषण, उपसर्गाचं आलं तर ‘गॉट’ अधिक विशेषण. प्रत्येक वेळी बसेल असं नाही, पण बावीस क्रमांकांपेक्षा पुष्कळ बसतं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. आपली भाषा इतकी शिस्तीची आहे हे कोणी बाहेरच्याने सांगावं, हे रुचलं नसावं.

आपल्याकडे हा माल अगदीच नाही असं नाही. रोडावणे, जाडावणे, काळवंडणे, गारठणे : विशेषण किंवा नाम घेऊन त्याचंच क्रियापद करायचं. रोडावला म्हणजे थेट झ्हुब्ल. पण आपण बहुतेक वेळा ‘बारीक झाला’ म्हणतो, म्हणजे इंग्रजीसारखे दोन तुकडे करतो. आपल्याला गेट फारसं न नडण्याचं हे एक कारण. ‘होणे’ आपल्या जिभेवर तयारच असतं.

आजारी पडण्याला चेकमध्ये ‘ओनेमोच्न्येत’ म्हणतात. चमच्यातला च घेऊन म्हणा, जमेल. आत बघितलं तर ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘मोच’ म्हणजे शक्ती. आजारी माणूस त्यांच्याकडे शब्दशः अ-शक्त.

लग्नाची गोष्ट तर फारच मजेची आहे. ‘दे गॉट मॅरिड’, ‘ही गॉट मॅरिड’, ‘शी गॉट मॅरिड’ : इंग्रजीत तिघांना एकच. चेकमध्ये त्याने लग्न केलं तर ‘ओझेनिल से’, तिने केलं तर ‘व्दाला से’, दोघांनी मिळून केलं तर ‘व्झाली से’. पहिल्यात ‘झेना’ म्हणजे बाई आहे, जणू तो ‘स-पत्नीक’ झाला. दुसऱ्यात ‘दात’ म्हणजे देणे आहे, आपल्या ‘दा’ धातूचाच भाऊबंद. मुलगी ‘दिली’ असं आपण म्हणतो ना, तेच. फक्त इथे ती स्वतःला देते. तिसऱ्यात घेणे आहे : त्यांनी एकमेकांना घेतलं. शिवाय तो लग्न करतो तिच्या-‘सह’, म्हणून चेक विद्यार्थी इंग्रजीत हमखास ‘मॅरिड विथ’ म्हणतो. हे वाचून हसू नका. आपण ‘तिच्याशी लग्न’ करतो, म्हणून आपणही तीच चूक करतो आणि त्याच आत्मविश्वासाने करतो.

आता ज्या शब्दामुळे चेक माणूस फसतो आणि तरतोही, त्याकडे. ‘दोस्तात’. शब्दकोशात गेटसमोर पहिला हाच असतो. भेट मिळाली? दोस्तात. फ्लू झाला? दोस्तात. भूक लागली? तेही दोस्तात चालतं. स्टेशनवर कसं पोचायचं? ‘याक से दोस्तानु ना नाद्राझी?’ तोच, फक्त ‘से’ लावून. ‘तो म्न्ये दोस्तालो’ म्हणजे शब्दशः ‘त्याने मला गाठलं’, अर्थ असा की पार गार झालो बुवा. इंग्रजीतल्या ‘दॅट गॉट मी’ची ही सख्खी बहीण. आणि ज्याची मला सर्वात गंमत वाटते ते : ‘दोस्ताल विनादानो’, त्याला बोलणी बसली, ‘दोस्ताल झाप्लाचेनो’, त्याला पैसे चुकते झाले. ‘ही गॉट पेड’ची रचना चेकमध्ये जशीच्या तशी हजर आहे! मारापासून पगारापर्यंत सगळं ‘मिळतं’. तरी वहीत ते सतराव्या क्रमांकावर, वेगळा अर्थ म्हणून.

या दोस्तातच्या पोटात ‘स्तात’ आहे, म्हणजे उभं राहणे, आणि हा आपल्या ‘स्था’ धातूचा नातलग. उभं राहत राहत तिथवर पोचलो, असा काहीसा मूळ भाव. याच स्तातवरून ‘व्स्तात’ म्हणजे उठणे (गेट अप), ‘स्तात से’ म्हणजे बनणे, घडणे (बाईंना ‘बिकेम’कडे नेणारा तो हाच), आणि बाजारात ‘कोलिक तो स्तोयी?’ म्हणजे ‘हे कितीला उभं आहे?’ अर्थात, काय भाव? म्हणजे गेटसारखा बहुरूपी चेकमध्येही आहे. तो एका धातूच्या रूपाने आहे आणि उपसर्गांचे वेश बदलून फिरतो, म्हणून घरच्यांना ओळखू येत नाही, एवढंच. ‘इंग्रजीत एकाच शब्दाला किती अर्थ’ असं तुमचा मित्र कुरकुरला की त्याला हे ऐकवा.

चढण्या-उतरण्यात थोडं थांबायला हवं. प्राहाच्या, म्हणजे प्रागच्या, मेट्रोत (१९७४ साली सुरू झाली ती) दारं लागण्याआधी सूचना होते, ती तिथे राहिलेल्या कुणालाही पाठ असते : ‘उकोंचेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झाविरायी.’ कृपया उतरणं-चढणं आटोपा, दारं बंद होताहेत. वी म्हणजे बाहेर, ना म्हणजे वर. गेट ऑफ आणि गेट ऑन इथे उपसर्गांत अगदी स्वच्छ दिसतात. घोटाळा पुढे आहे. चेकमध्ये ट्राममध्ये चढा नाहीतर मोटारीत, शब्दयोगी तेच : ‘दो’, म्हणजे आत. इंग्रजी मात्र बसला ‘गेट ऑन’ आणि मोटारीला ‘गेट इन’ म्हणते. हा फरक चेक माणसाला केवळ छळ वाटतो. मराठी माणसाला तो न सांगता कळावा, कारण आपण बसमध्ये चढतो आणि रिक्षात बसतो. रिक्षात ‘चढला’ म्हटलं तर गणपतीचं मखर चढवल्यासारखं वाटतं.

‘गेट’ने दुसऱ्याकडून काम करवून घेण्याचा प्रकार, म्हणजे केस कापून घेणे वगैरे, चेकमध्ये ‘नेखात’ (राहू देणे, करू देणे) लावून होतो. त्यात अवघड काही नाही. ‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहे’, तेही सोडून द्या. ‘आय डोन्ट गेट इट’ला चेक ‘नेखापु’ म्हणतो. त्या धातूचा जुना अर्थ झडप घालून धरणे असा आहे, आपण मुद्दा ‘पकडतो’ तसंच.

उरला तुमचा दुसरा प्रश्न. होणे आणि मिळणे तर आपल्याकडे आहेतच, पण माझ्या मते खरा हात दिला ‘लागणे’ने. नोकरी लागली. भूक लागली. चोर हाती लागला. पोर रडायला लागलं. जावं लागतं. बोलणं जिव्हारी लागलं. यातल्या प्रत्येकाचं इंग्रजी करून बघा, बहुतेक ठिकाणी गेट किंवा गॉट बसेल. ‘जावं लागतं’लासुद्धा, ‘आय हॅव गॉट टु गो’. हे दोन शब्द नात्यातले नाहीत, गेट वायकिंग लोकांच्या नॉर्सबरोबर इंग्लंडात आलं आणि लागणे संस्कृत ‘लग्’चं. पण ज्याने लहानपणापासून एकच क्रियापद इतक्या ठिकाणी वापरलंय, त्याला दुसऱ्या भाषेतला तसलाच गडी भेटला तर बिचकायला होत नाही. तुमच्या सहकाऱ्याने मराठी शिकायला घेतलं, तर त्याची दुसरी वही लागणेची भरेल. वेळ लागणे, निकाल लागणे, बस लागणे आणि डोळा लागणे हे एका पानावर कसं मावतं, ते कळवा.

बाईंच्या वहीतला तेविसावा क्रमांक मी ब्र्नो सोडायच्या आदल्या आठवड्यात पडला. लिहिलं होतं ‘फर्गेट’, समोर ‘झापोमेनोउत’, म्हणजे विसरणे. मी म्हटलं, ‘आजी, हे इथे नाही, हा वेगळा शब्द आहे.’ त्यांनी मुकाट्याने रबर घेऊन खोडलं. पुण्याला परत आल्यावर व्युत्पत्तिकोश उघडला, तर फर्गेटमधलं गेट त्याच मुळाचं निघालं : हातातलं निसटणं. मी पत्र पाठवून कबुली दिली. उत्तरात त्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. तेविसावा क्रमांक पुन्हा लिहिला होता, या वेळी शाईने.