पगार 34 हजार आणि समोर बसतात कोट्यधीश

पत्र (थोडक्यात):

ताई, मी 25 वर्षांची, मूळची बार्शीची. दीड वर्षापासून पुण्यात एका वेल्थ मॅनेजमेंट कंपनीत आहे. हातात 34 हजार येतात. कर्वेनगरला दोघींत एक रूम आहे, धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी दर महिन्याला घरी 9 हजार पाठवते. आमच्याकडे येणारे क्लायंट कोटींत गुंतवणूक करणारे. मागच्या महिन्यात मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "जरा प्रेझेंटेबल राहत जा." तेव्हापासून रोज सकाळी कपाट उघडलं की रडू येतं. 18 हजारांची एक ब्रँडेड बॅग ईएमआयवर घेऊ का? तिची फर्स्ट कॉपी अडीच हजारांत मिळते, ती चालेल का? पुढच्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीचं रिसेप्शन आहे, तिथं काय घालू? आणखी एक. आई घरी शिवणकाम करते. तिनं शिवलेला कुर्ता ऑफिसात सगळ्यांना आवडला. कुठून घेतला म्हणून एका मैत्रिणीनं विचारलं, तर मी कोरेगाव पार्कमधल्या बुटीकचं सांगून मोकळी झाले. आता तीच मैत्रीण बुटीकचं नाव मागतेय. काय करू?
– गोंधळलेली, पुणे

उत्तर:

प्रिय गोंधळलेली,

बॅग घेऊ नकोस. खरीही नको आणि फर्स्ट कॉपीही नको. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ती तू कार्टमध्ये टाकून ठेवली असणार, आणि सेलचा मेसेज आला की मोह आवरणार नाही.

18 हजार म्हणजे तुझा निम्म्याहून जास्त पगार. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हटलं तरी बँक सहसा व्याज लावतेच; तेवढी सूट आधी दिलेली असते म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच खिशातून जाते. एखाद्या महिन्यात भावाची फी आली आणि कार्डाचं बिल थकलं, तर वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज बसू शकतं. हे गणित क्लायंटनं विचारलं असतं, तर तू त्याला दोन मिनिटांत समजावून परत पाठवलं असतंस.

फर्स्ट कॉपीचं म्हणशील, तर तुझ्यासमोर बसणाऱ्या बायकांच्या कपाटात खऱ्या बॅगा आहेत. चेन कशी सरकते, आतलं अस्तर कसं लागतं, कडेचे टाके किती सरळ असतात, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. ज्या कंपनीच्या हाती आपण पैसे सोपवतो, तिथली मुलगी नकली माल वापरते, असं कोणाच्या मनात येऊ देऊ नकोस. शिवाय नकली ब्रँडचा माल विकणं हा 1999च्या व्यापारचिन्ह कायद्यानं गुन्हा आहे. त्या धंद्याला आपले अडीच हजार कशाला द्यायचे?

आता तुझ्या रडण्याविषयी. पत्रात तू दोनदा लिहिलं होतंस की 'हे सगळं वरवरचं आहे हे कळतं, तरीही…' मला ते वरवरचं वाटत नाही. कपड्यांवरून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्या समाजात फार जुनी आहे, आणि ज्यांना तिचा जाच झाला त्यांनी ती कधी क्षुल्लक मानली नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्य स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडं कसं नेसायचं आणि कुठले दागिने टाकून द्यायचे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण त्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखली जात होती. आपण कसे दिसतो यावर आपला हक्क असावा, असं वाटण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. तेव्हा ते 'तरीही' खोडून टाक आणि सरळ कामाला लाग.

पहिलं काम म्हणजे मॅडमना विचारणं. 'प्रेझेंटेबल' म्हणजे नेमकं काय? लेगिंग खटकते, केस मोकळे असतात ते खटकतं, की चपला? तू महिनाभर बॅगेचा विचार करत बसली आहेस आणि त्यांच्या मनात कदाचित इस्त्री असेल. "मॅडम, तुम्ही म्हणालात ते मनावर घेतलंय, सुरुवात कशापासून करू?" एवढं विचारलंस की पुरे. त्यांचं बोलणं तुला लागलं, ते मी समजू शकते. पण नेमकं उत्तर हातात आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस.

दुसरं काम फिटिंगचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथंच आहे. कपडा महाग वाटतो तो अंगावर नीट बसल्यामुळे. आठशे रुपयांचा कुर्ता खांद्यावर बरोबर बसला, तर तो कितीचा हे कोणी विचारत नाही. आणि पाच हजारांचा खांद्यावरून ओघळत असेल, तर तो मोठ्या बहिणीचा घातलाय असं वाटतं. आरशात आधी खांदा बघ. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. कंबर, लांबी, बाहीचा घेर हे सगळं नंतर दुरुस्त होतं. खांदा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) मात्र उसवून पुन्हा बसवायचा म्हणजे नवा कपडा शिवण्याइतकं काम. म्हणून तयार कपडा घेताना खांदा चुकला असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी ठेवून दे.

घरातले सगळे कुर्ते आणि शर्ट पलंगावर काढ आणि खांदा बरोबर असलेले वेगळे कर. तुझ्याकडे असे पाच-सहा निघतील. ते घेऊन गल्लीतल्या आल्टरेशनवाल्या काकांकडे जा. मागून दोन टक्स (फिटिंगसाठीच्या उभ्या चुण्या) घालून घे, बाही मनगटाच्या हाडापर्यंत आण, खालची दुमड सरळ करून घे. एका कपड्याला शे-दीडशे रुपये पडतील. नवा सुती कपडा असेल तर आधी धुऊन मग फिटिंगला दे. कॉटन आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आटतं, आणि मग घट्ट झाला म्हणून शिंप्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. जमलं तर प्लास्टिकची चकचकीत बटणं काढून शिंपल्याची साधी बटणं लावून घे. डझनभर बटणांना फारसे पैसे लागत नाहीत आणि शर्टाचं रूपच पालटतं.

पँट मात्र शिवूनच घे. एक काळी, एक नेव्ही ब्लू. 58 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर कापड पुरतं. लक्ष्मी रोडला नाहीतर रविवार पेठेत घाऊकवाल्यांकडे थोडं जाडसर, अंगावर सरळ पडणारं कापड बघ. कापड आणि शिलाई धरून एकीला बाराशे-पंधराशे होतील. लांबीचं माप देताना ऑफिसात घालायचे बूट पायात असू देत, नाहीतर पँट एक तर जमीन झाडेल किंवा घोट्यावर चढेल. चौकडीचं किंवा पट्ट्यांचं काही घेतलंस, तर बाजूच्या शिवणीवर पट्ट्याला पट्टा जुळतोय का ते बघ. घाईत शिवलेल्या मालात तो बहुधा जुळलेला नसतो, आणि जाणकार माणसाची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. 'प्युअर कॉटन' म्हणून जास्त पैसे मागितले, तर कडेचा एक धागा काढून घरी वाटीत जाळून बघ. सूत कागदासारखं जळून राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते.

रंगांबाबत. हल्ली 'ओल्ड मनी' आणि 'क्वाएट लक्झरी' म्हणून रीलमध्ये सगळं क्रीम आणि बेज दाखवतात. तू गाडीवरून किंवा बसनं जाणार, पुण्याच्या धुळीत क्रीम पँट दुपारपर्यंतही टिकायची नाही. तुझा रंग सावळा आहे असं तू लिहिलं होतंस. फिकट इंग्लिश कलरांपेक्षा बॉटल ग्रीन, वाइन, मोरपंखी, गडद निळा यांत सावळा चेहरा उजळून दिसतो. वरच्या कपड्यांचे रंग असे ठेवलेस आणि खाली काळं किंवा नेव्ही, की पाच वरचे आणि दोन खालचे यांवर महिना निघतो. लिनन सुंदर दिसतं, पण गाडीवर अर्ध्या तासात त्याचा चोळामोळा होतो, म्हणून तुझ्यासाठी नको.

कपडे थोडे असले की निगा मात्र रोजची हवी. गडद कपडे उलटे करून गार पाण्यात धू आणि सावलीत वाळव. इस्त्रीही उलट्या बाजूनं कर, नाहीतर शिवणींवर चकाकी येते आणि कपडा जुना दिसायला लागतो. कुर्त्यावर गोळे येतात ते काढायचं छोटं मशीन चार-पाचशेला मिळतं. तुझ्या यादीत ते बॅगेच्या वर लिही. बुटांची टाच झिजली की लगेच बसवून घे. आणि एक काळा, बंद, कमी टाचेचा चांगला जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेव. पावसाळ्यात येता-जाता साध्या सँडल घाल. इथं दोन हजार घालवलेस तरी मला चालेल.

बॅग लागतेच, हे मान्य. ए-फोर फाइल न दुमडता मावेल अशी, काळी किंवा तपकिरी, नाव न मिरवणारी, बकल पिवळंधमक नसलेली. मुंबईला जाणं झालं तर धारावीत चामड्याच्या बॅगांची बरीच दुकानं आहेत, तिथं बघ. घाई असेल तर साधी, आकार धरून राहणारी रेक्झिनची घे. स्वच्छ पुसलेली असली की ती वर्षभर छान निभावते. मोठी खरेदी आषाढापर्यंत लांबव. लग्नसराई थांबली की कपड्यांच्या दुकानांत सेल लागतात.

रिसेप्शनला साडी नेस, आणि ती आईकडून माग. बार्शी-सोलापूरकडे घरोघरी इरकल असते. तुझ्या आईच्या ट्रंकेतही टोपपदराची (पदरावर शिखरांसारखी नक्षी असलेली) एखादी असेलच. गडद अंगाची, लाल पदरावर पांढरे टोप असलेली इरकल पुण्यातल्या हॉलमध्ये सगळ्या झगमगीत नेटच्या साड्यांत किती उठून दिसेल याची तुला कल्पना नाही. सुती असेल तर हलकी खळ दे आणि पदराच्या घड्या इस्त्रीनं बसवून घे. फॉल उसवला असेल तर नवा लाव, आईच्या मापाचं ब्लाउज मात्र चालणार नाही, ते नव्यानं शिव. गळ्यात फक्त ठुशी, कानात मोत्याच्या कुड्या. हातात घड्याळ किंवा बांगड्या, दोन्ही नकोत. पायात पॉलिश केलेली कोल्हापुरी. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या महागड्या ब्रँडनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, आपल्याकडून ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं त्यांना मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय मानांकन, म्हणजे ती आपल्याच भागाची अशी कायदेशीर ओळख, आहे. ती घालून तू कुठल्याही पायरीवर चढ.

राहता राहिला कुर्ता. तू हे अगदी शेवटी, दोन ओळींत उरकलंस, पण बाकीचं पत्र त्याच्यामुळेच लिहिलंस असं मला वाटतं. बुटीकचं एखादं खोटं नाव शोधत बसू नकोस. ती तिथं जाऊन विचारेल, आणि मग एका वाक्याचं चार वाक्यांचं खोटं होईल. तिला एकटीला गाठ आणि सांग, "बुटीक वगैरे काही नाही गं, माझी आई शिवते. तेव्हा सांगायला संकोच वाटला." बहुतेक ती विचारेल, माझ्यासाठी शिवतील का? तेव्हा भिडेपोटी फुकट कबूल करू नकोस. आधी आईला विचार, आणि पुण्यात अशा कुर्त्याची जी शिलाई पडते तीच सांग. ती हसलीच, तर तिच्या रिसेप्शनला – म्हणजे हीच ती मैत्रीण असेल तर – आहेराचं पाकीट देऊन, जेवून लवकर घरी ये. तिच्या हसण्याला तुझ्याकडे याहून जास्त वेळ नको.

हे आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी असते तर एवढंच सांगितलं असतं की तुझा कुर्ता ऑफिसात सगळ्यांनी नावाजला. ते खरंच आहे, आणि तिच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.

तुझ्या हाताशी घरचा शिंपी आहे. बाकीच्या मुली तयार मापात अंग बसवत असतात, तुला तुझ्या मापाचं मिळू शकतं. या रविवारी रूममेटला टेप धरायला लाव आणि मापं घेऊन आईला व्हॉट्सअ‍ॅप कर: खांदा, छाती, कंबर, बाहीची लांबी, दंडाचा घेर, आणि मुंढा. मुंढ्याचं माप हात खाली सोडून घे, वर करून घेतलंस तर बगलेत चोळ येईल. कापड लक्ष्मी रोडवरून घेऊन बार्शीला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. एका कुर्त्याला अडीच मीटर धर, आणि आटण्यापोटी पाव मीटर जास्त.

– ताई