ए-२ आकाराचं वारली चित्र घरच्या ए-४ स्कॅनरवर तुकड्यांत स्कॅन केलंय. जोडल्यावर सांधे दिसतात. काय करावं?

जोडण्याआधी स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद करून पुन्हा स्कॅन करा, मग फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये 'ऑटो'ऐवजी 'रिपोझिशन' निवडा. ठाण्यात छपाईसाठी अशीच चित्रं जोडतो, त्यावरून सांगतो: ऑटो करेक्शन प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगळा ठरवतं, सांधे तिथूनच येतात. स्कॅनरचं झाकण काढून ठेवा. तुकडे चौथा हिस्सा तरी एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे ए-२ला किमान आठ. आणि मधेच चित्र उलटं (वरची बाजू खाली) फिरवून स्कॅन करू नका. स्कॅनरच्या दिव्याचा उजेड एकाच बाजूने पडतो. शेणा-गेरूच्या खरखरीत पोताची सावली मग एका तुकड्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. ते कुठलंच सॉफ्टवेअर लपवत नाही. जोडायचं सॉफ्टवेअर फुकटात हवं तर ह्युगिन (जरा किचकट आहे). मात्र रंगाचा थर जाड असेल, तर काचेवर दाबूच नका, पोपडे निघतील, फोटोच काढा.