इंग्लंडमधल्या टॅव्हर्नवाल्यांनी, म्हणजे दारूच्या गुत्तेवाल्यांनी, सतराव्या शतकात स्वतःची टोकने, म्हणजे सुट्ट्या नाण्यांऐवजी चालणारे खासगी बिल्ले, काढली, ती लोक घेत कशी होते?

घेत होते, कारण सुट्ट्या पैशांची मारामार होती आणि टोकन नाही चालले तर कोणाच्या दारात जायचे हे ठाऊक होते.

सरकारी नाणी चांदीची. अर्धी पेनी इतकी चिमुकली की बोटांतून निसटायची. पाव पेनी, म्हणजे फार्दिंग, चांदीत पाडण्यात अर्थच नव्हता. १६१३ मध्ये राजा पहिल्या जेम्सने तांब्याच्या फार्दिंगचा मक्ता लॉर्ड हॅरिंग्टनला दिला. ती नाणी फारच हलकी निघाली, खोट्यांचाही सुळसुळाट झाला. १६४४ मध्ये पार्लमेंटने तो प्रकार बंद केला. मग १६४८-४९ पासून टॅव्हर्नवाले, वाणी, मेणबत्तीवाले अशा कित्येकांनी तांब्या-पितळेची टोकने पाडून घेतली.

आपल्याकडे सुट्टे नसले की दुकानदार गोळी हातावर ठेवतो, पण गोळी परत घेत नाही. टॅव्हर्नवाला स्वतःचे टोकन परत घ्यायचा. त्यात त्याचा फायदाच होता: गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात यायचे, आणि हरवलेल्या टोकनाचे पैसे कोणी मागायला येत नसे. त्या काळचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने लिहून ठेवले आहे की ही टोकने पुढच्या एक-दोन रस्त्यांपलीकडे क्वचितच जात.

टोकन हातात आले तर आधी त्यावरची तीन अक्षरे बघा. वर आडनावाचे आद्याक्षर, खाली एकीकडे नवऱ्याच्या नावाचे, दुसरीकडे बायकोच्या. माझ्या मते गुत्ता दोघे मिळून चालवत, याची ही उघड कबुली आहे. विधवेच्या टोकनावर तर तिचे एकटीचेच नाव. कडेने गल्लीचे नाव आणि मधे दुकानाच्या पाटीवरचे चित्र: जलपरी, रानडुकराचे मुंडके वगैरे. वाचता न येणाऱ्यालाही दुकान कळायचे.

कॉफीहाउसवालेही मागे नव्हते. लंडनच्या एक्स्चेंज ॲलीतल्या एकाने थेट ऑटोमन सुलतान मुरादचे डोके छापले, वर ‘जाईन तिथे जिंकलो’ अशा अर्थाची त्याची बढाईही पद्यात कोरली. असे टोकन नाकारायची कोणाची बिशाद!

१६७२ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, चित्राची तांब्याची अर्धी पेनी आणि फार्दिंग काढली आणि जाहीरनाम्याने खासगी टोकनांवर बंदी घातली. टेम्सच्या चिखलात ही टोकने अजून सापडतात, मात्र लंडनमध्ये नदीकाठी शोधाशोध करायला आधी परवाना काढावा लागतो.