विकतचा ठेका आणि मालिकेचं संगीत: वाचकांच्या शंका

प्रश्न (खानापूर): मालिकांना पार्श्वसंगीत पुरवणाऱ्या एका लायब्ररीकडे मी सहा ट्रॅक पाठवले. सगळे ड्रम विकत घेतलेल्या ‘रॉयल्टी फ्री’ (दर वापराला वेगळे पैसे न लागणाऱ्या) पॅकमधले लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे ठेक्याचे तयार तुकडे. दोन ट्रॅक ‘लूप उघडा पडतोय’ असा शेरा मारून परत आले. पैसे देऊन घेतलेला लूप वापरायचा नाही, म्हणजे काय?

उत्तर: वापरायचा, बिनधास्त वापरायचा. पण ‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे मालकी नव्हे. तुम्ही पैसे मोजलेत ते परवान्याचे, आणि तोच लूप तेवढ्याच पैशांत आणखी कितीतरी जणांच्या संगणकावर आहे. अशा परवान्याचं म्हणणं साधारण इतकंच असतं: हा आवाज तुमच्या नव्या रचनेत मिसळा, सुटा पुढे देऊ नका.

गोम इथेच आहे. लायब्ररी पूर्ण मिक्सबरोबर स्टेमही मागते, म्हणजे ड्रम, बेस, सुरावट अशा वेगवेगळ्या फायली. ड्रमच्या स्टेममध्ये एकच लूप पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत असेल, तर तुम्ही दुसऱ्याचा लूपच नाव बदलून पुढे दिलात असं होतं. संकलकाने संवादाखाली नुसता ड्रमचा स्टेम ठेवला की पडद्यावर तेवढाच वाजतो. गॅरेजबँड आणि लॉजिक या अ‍ॅपलच्या संगीत-सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या अ‍ॅपल लूप्सच्या अटींतही सुटा लूप वाटायला किंवा ‘म्युझिक बेड’ (संवादाखालचं संगीत) म्हणून पुन्हा बांधून द्यायला मनाई आहे.

दुसरी अडचण यूट्यूबची. वाहिनी भाग तिथे चढवते. तोच लूप उघडा ठेवून कुणी आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेलं असेल, तर दावा वाहिनीवर येतो. सगळ्यांना मिळणारे असे लूप कंटेंट आयडीत नोंदवायचे नाहीत असा यूट्यूबचाच नियम आहे, तरी लोक नोंदवतात. मग करारावर सही तुमची, म्हणून निस्तरायचंही तुम्हीच.

उपाय कात्रीचा आहे. ४ बारांचा (एक बार म्हणजे चार मात्रा) लूप अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर कापलात तर ३२ तुकडे होतात. ते स्वतःच्या बांधणीत मांडा. किक (बास ड्रमचा ठोका) काढून तिथे दुसरा सुटा आवाज बसवा. वर आपली दिमडी किंवा झांज वाजवून घ्या. स्टेम एकटा ऐकला तरी त्यात निदान तीन ठिकाणचे आवाज असावेत, आणि सुरुवातीचे चार बार नुसत्या लूपवर कधीच सोडू नयेत. प्रत्येक ट्रॅकमागे एका तक्त्यात पॅकचं नाव, फाईलचं नाव, खरेदीची तारीख लिहा. पावती आणि त्या दिवशीच्या अटींची प्रतही जोडा. अटी पुढे बदलतात, म्हणून त्या दिवशीची प्रत महत्त्वाची.

प्रश्न (निपाणी): मित्राने पेनड्राइव्हवर ढोल-ताशाचे ४ जीबी सॅम्पल (मुद्रित आवाजाचे तुकडे) दिलेत. कुठून आले ते त्यालाही ठाऊक नाही. चालतील का?

उत्तर: नाही. शिकायला, सरावाला ठेवा. टीव्हीच्या कामात एकही आवाज नको. अशा साठ्यात चित्रपटगीतांतून कापलेले तुकडे सर्रास असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि तुकडा दोन सेकंदांचा आहे या सबबीवर विसंबून राहू नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): ३० सेकंदांच्या प्रोमोला ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) लूप घेतला. शेवट अर्धवट तुटतो. शिवाय स्टुडिओत घुमणारा ढोल घरच्या टीव्हीवर ऐकूच येत नाही.

उत्तर: आधी हिशेब. ९० बीपीएमला ३० सेकंदांत ४५ ठोके, म्हणजे सव्वाअकरा बार. तुटणारच. ९६ ला ४८ ठोके, नेमके १२ बार, एक बार अडीच सेकंदांचा. अकरा बार वाजवा, बाराव्याच्या समेवर, २७.५ सेकंदांना शेवटचा ठोका द्या आणि उरलेले अडीच सेकंद घुमारा विरू द्या. फेड-आउट (आवाज हळूहळू कमी करत नेणं) नको, संकलकाला ठाम शेवट लागतो. दृश्याचे कट ठोक्यावर हवे असतील तर आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्राला १०० बीपीएम सोयीचा: एक ठोका बरोबर १५ फ्रेम. १२५ ला १२. लूप ९० वरून ९६ वर नेताना संगणकाने ताणू-आवळू नका, कापून तुकडे सरकवा. ताणलं-आवळलं की टिपऱ्याची धार बोथट होते.

टीव्हीचे छोटे स्पीकर ६०-८० हर्ट्झ जवळजवळ देतच नाहीत, आणि ढोलाचा सगळा जीव तिथेच असतो. ढोलाच्या ट्रॅकची प्रत करा, तिच्यावर हलकं सॅच्युरेशन (आवाजाला वरचे स्वरांश जोडणारी हलकी विकृती) द्या आणि १५०-२०० हर्ट्झ थोडं उचला. दोन किक एकावर एक ठेवल्या असतील तर फेज, म्हणजे दोघींच्या लहरी जुळतात का ते, तपासा: एकीची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून मोनोत, दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका. उलटवल्यावर आवाज भरला, तर आधी त्या एकमेकींना खात होत्या. संवादाखालच्या आवृत्तीत २ ते ४ किलोहर्ट्झला दोन-तीन डीबी उतरवा. ताशा आणि माणसाचे शब्द तिथेच भिडतात.

प्रश्न (येळ्ळूर): हलगीचे चांगले सॅम्पल मिळत नाहीत. घरीच रेकॉर्ड केले तर?

उत्तर: अवश्य करा. हलगी, संबळ, करडी मजल (करडी ढोल आणि झांजांचा लोकवाद्यमेळ) हे आवाज आपल्या भागात दारात वाजतात, आणि परदेशी पॅकमध्ये त्यांच्या नावाखाली भलतंच काहीतरी सापडतं.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. माइक चामड्यापासून साधारण एक मीटरवर, मध्यावर न रोखता थोडा कडेला. सर्वांत जोरकस ठोका उणे १० डीबीच्या आसपास राहील असा गेन (माइकच्या आवाजाची पातळी) लावा. मोकळ्या हॉलमध्ये नको. गाद्या, गोधड्या लावलेली खोली बरी. जाड काठीचा ठोका, बारीक काडीचा ठोका, कडेवरचा ठोका, प्रत्येक चार जोरांत आणि प्रत्येक जोराचा सहा वेळा. एका प्रकाराच्या २४ फायली होतील. इतक्या कशाला? एकच फाईल लागोपाठ वाजली की कान लगेच ‘यंत्र’ म्हणतो. प्रत्येक ठोक्यानंतर तीन सेकंद गप्प राहा, घुमारा संपू द्या.

चामडं शेकल्यावर चढतं आणि हळूहळू उतरतं, बेळगावच्या पावसाळ्यात तर झपाट्याने. म्हणून दर वेळी शेकल्यावर पहिला ठोका एकाच जोराने वाजवून घ्या आणि आधीच्याशी ताडून पाहा. स्वर उतरला असेल तर पुन्हा शेका, संगणकावर चढवत बसू नका.

वाजवणाऱ्याचे पैसे आणि कागद त्याच दिवशी पुरे करा. कलाकाराचा हक्क कायद्यात वेगळा आहे, ५० वर्षांचा. सॅम्पल कशाकशात वापरणार, मोबदला एकरकमी की पुढेही, हे कागदात स्पष्ट असू द्या. त्याला मराठी वाचता येतं की कन्नड ते विचारा, आणि कागद त्या भाषेत करा.